मधल्या प्लगाचं खापर

देगलूर मुदखेडाहून काई लई लांब न्हाई. उमरीवरून नरसी, नरसीवरून देगलूर, दोन तासात मानूस सासुरवाडीच्या ओट्यावर टेकतो. पन मपल्या बायकोनं माहेरचं नाव काढलं की मला तवाच काईतरी व्हायचं. कवा कंबर धरायची, कवा फुलाचा तोडा निघायचा, कवा कोनीतरी मरायचं. उमरीचा एक सोयरा म्या असा दोनदा मारला. दुसऱ्यांदा मारला त्याच्या तिसऱ्या दिवशी तो तिला बाजारात शेपूची जुडी घेताना भेटला, अन् वरून त्यानंच इचारलं, "दाजी बरे हायेत ना?"

घरी येऊन तिनं भाजी निवडली, चुलीवर टाकली. मंग मनली, "मला गाडी शिकवा."

"कामून?"

"मंजे तुमाला मानसं मारायची गरज पडनार न्हाई."

तिची माय देगलूरला एकटीच राहती. गुडघे गेलेत, घराच्या बाहेर निघनं बंद. एसटीनं जायचं तर दोन गाड्या बदला, पोचून दोन घास खाल्ले की लगेच परतीच्या गाडीकडं डोळे. दोन महिन्यातून एकदा बायको जायची अन् तासभर बसून यायची. तिला पायजे होतं दर पंधरा दिवसाला जावं, एक रात मायजवळ राहावं, सकाळी निवांत निघावं. एवढंच. ह्या सगळ्या बेतात मपलं नाव कुठंच नव्हतं. ते मला जरा लागलं, पन नाव कोनी खोडलं ते मला ठाव होतं.

गाडी मंजे आमची जुनी व्हॅन, पेट्रोलवर चालनारी. मुदखेडची फुलं मी तिच्यात घालून रोज सकाळी नांदेडच्या मार्केटला नेतो. गुलाब, शेवंती, गलांडा नेऊन नेऊन तिला असा वास बसला की एकदा नाक्यावर हवालदारानं आत डोकं घालून हळू आवाजात इचारलं, "कोन गेलं?" म्या मनलं, "कोनी न्हाई साहेब, मीच हाय." त्यानं मला तसंच सोडून दिलं.

शाळा मपली चौथीत सुटली. बायको सातवी पास. लर्निंगच्या परीक्षेला कॉम्प्युटरवर सिग्नलची चित्रं येतात, तिनं भराभरा बटनं दाबली अन् पास होऊन बाहेर आली. तवर मी बाहेर भिंतीवरच्या तक्त्यावर तीच चित्रं बगत उभा होतो. त्यातल्या एका चित्राला मी वीस वर्सं "पुढं हॉटेल हाय" असं समजत होतो. ते निघालं "इथं थांबू नये". अन् मी तिथं थांबून चहाच शोधायचो.

शिकवायला मात्र मी हेडमास्तर. गावाबाहेरच्या माळावर तिला नेऊन शेजारी बसायचं अन् वरडायचं. क्लच दाब, क्लच सोड, आरसा बग, मपल्याकडं काय बगतीस. तरी ती शिकली. महिनाभरात दोन बाभळीच्या मधून व्हॅन उलटी काढायला लागली. "असं न्हाई, असं," मनून म्या एकदा काढून दाखवली. त्यातल्या एका बाभळीला आजून आमच्या गाडीचा रंग हाय.

दसरा झाला अन् दहा-बारा दिवसानं तिची नांदेडला आरटीओत पक्क्या लायसनची टेस्ट होती. उलटी गाडी घेतली, आठचा आकडा काढला, सगळं झालं. शेवटी चढ होता. चढावर थांबायचं अन् मागं न सरकता परत निघायचं. ती थांबली. निघायला गेली तर गाडीनं दोन झटके दिले, खोकली, अन् बंद पडली. वरून दोन हात मागं सरकली.

साहेब मनले, "बाई, सराव कमी पडला. परत या."

परत येताना मी चालवायला बसलो अन् तोंड बी चालवायला घेतलं. वाटेतलं मुगट गाव येईपर्यंत मी क्लचवर कीर्तन केलं. "क्लच असा सोडावा, जसा झोपलेल्या लेकराखालून हात काढतो."

"लेकरं तुमी कवा झोपवली?"

"मिसाल दिली गं."

"मिसाल बी मपल्याच कामाची दिली."

पन तिनं ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून बगतो तर ही खुर्चीवर बसून तांदूळ निवडून राहिली, अन् डावा पाय खाली पाटाच्या कडेवर. पाट एका बाजूनं दाबायचा अन् हळूहळू सोडायचा. दाबायचा अन् सोडायचा. जमिनीवर टक असा आवाज आला की मनायची, "गेली मागं."

लर्निंगचे सहा महिने सरत आलते. दुसरी टेस्ट मिळाली मंगळवारची, अन् लर्निंग संपत होतं त्याच हप्त्यात गुरुवारी. तिनं मला सांगून टाकलं, "मंगळवारी जमलं तर जमलं. न्हाई तर मी परत ह्या नादी लागनार न्हाई. मायला सांगीन, तुझ्या लेकीच्या पायात दम न्हाई."

आता ह्याच्या पुढचं सांगायला मला लाज वाटती, पन सांगतो. गाडीचे झटके मला बी बसत होते. दसऱ्यापासून रोज बसत होते. पन ती चालवताना झटका आला की तो क्लच, अन् मी चालवताना आला की तो खड्डा. असं सोपं गनित होतं. रविवारी मी फुलं टाकून परत येऊन राहिलो अन् मुगटच्या पुढं नवा रस्ता झालाय, कॅरमच्या फळीवानी. त्याच्यावर व्हॅननं तीन झटके दिले. म्या खिडकीतून मागं वळून बगितलं, खड्डा सापडंना. तवा मपल्या डोक्यात उजेड पडला की गाडी मिसिंग मारून राहिली. मंजे तीन सिलेंडरमधला एखादा काम सोडून बसलाय, दोघंच वढून राहिलेत.

आमचे मिस्तरी मंजे चाचा. नेमके ते लातूरला लेकीकडं गेलते, नातू झालता. दुसऱ्या मिस्तऱ्याकडं जावं तर रविवार. अन् खरं सांगायचं तर चाचा नसले की मला बी आपन मिस्तरी हौत असं वाटायला लागतं. स्टेशनकडच्या दुकानातून म्या आधी तीन नवे प्लग घेतले अन् मंग चाचाला फोन लावला.

"चाचा, गाडी मिसिंग मार री."

"कबसे?"

"हुए होंगे तीन हफ्ते."

"और अब बोल रे?"

"तीनों प्लग बदल देतौं मैं."

चाचाच्या मागं नातू रडून राहिलता. त्यातून चाचा मनले, "अरे मियाँ, पैले देखो कौनसा मरा, फिर दफन करो. जिंदे कू कायकू दफन करते?"

म्या "हौ, हौ" केलं अन् फोन ठेवला. तीन प्लग घेऊन बसलेल्या मानसाला एका प्लगाचा सल्ला पटत नसतो.

व्हॅनचं इंजिन समोरच्या सीटखाली असतं. सीट उचलली की खाली सगळा कारभार. मी आताच नांदेडहून आलतो, इंजिन तापलेलं. म्या प्लगाला हात लावला अन् तो हात तसाच तोंडात घातला. बायकोनं आतून चहा आनला, दुसऱ्या हातात धरायला लावला, अन् मनली, "थंड होऊ द्या की आधी. कढईत बी मी असा हात घालत न्हाई."

अर्ध्या तासानं परत बसलो. प्रत्येक प्लगावर एक जाड वायर येती, तिच्या टोकाला रबराची टोपी. टोपी वढून काढायची, मंग प्लगपान्यानं प्लग खोलायचा. शहाना मानूस एक टोपी काढतो, एक प्लग बदलतो, टोपी बसवतो, मंग दुसरी. म्या तिन्ही टोप्या एकदमच उपटल्या.

"ह्यातली कोनती कुठली?" बायकोनं इचारलं.

"सगळ्या सारख्याच असतात."

जुने प्लग निघाले. दोन चांगले कोरडे, तपकिरी, भाजलेल्या शेंगदान्याच्या रंगाचे. मधला काळा मिट्ट अन् पेट्रोलनं वला. म्या तो तिच्या नाकापुढं धरला. "हा बग चोर. पेट्रोल येतं पन हा जळतच न्हाई." तेवढं माहीत होतं मला. नव्या प्लगाची फट लोखंड कापायच्या एक्सो ब्लेडच्या पात्यानं बगितली, पातं जरा घासून आत गेलं मंजे बरोबर. प्लग आधी बोटानं फिरवून बसवले, पाना मंग लावला, कारन पान्यानं वाकडा घुसला की इंजिनाचे आटेच जातात. हे एक काम म्या बरोबर केलं, मनून जरा इस्कटून सांगतो.

मंग टोप्या बसवल्या, मपल्या मतानं. चावी मारली. गाडीनं आवाज केला न्हाई, बार केला. सायलेन्सरमधून फट्ट करून धूर निघाला अन् शेजारच्या मावशीची शेळी दावं तोडून थेट पान्याच्या टाकीपर्यंत गेली.

बायकोनं निवांत फोन काढला. फोटोत तिन्ही वायरी जागच्या जागी होत्या. मी हात घालायच्या आधीच तिनं फोटो काढून ठेवलता.

"कामून काढला?"

"तुमाला वळखती मी."

फोटो बगून टोप्या लावल्या. गाडी चालू झाली. मी तिच्याकडं असं बगितलं की जसं इंजिन मपल्या घरीच तयार झालंय. पन दहा-बारा सेकंदात आवाज परत तोच. टक टक फुस. टक टक फुस. इंजिन लंगडत होतं, अन् नवे प्लग आत मजेत बसलते.

बायको मनली, "आता दफन कोनाला करायचं?"

चाचाचा फोन मी स्पीकरवर केलता, हे मला तवा आठवलं.

सोमवारी सकाळी फुलं तेवढी शेजारच्याच्या टेम्पोत घातली अन् मी आंगनात गाडीपुढं बसलो. आता चाचाचं ऐकायचं ठरलं. कोनता मेला ते बगायची रीत अशी, गाडी चालू ठेवायची अन् एकेक टोपी काढायची. टोपी काढल्यावर इंजिन आनखी रडलं, मंजे तो सिलेंडर जिता. काढून बी काई फरक न्हाई पडला, मंजे तोच मेलेला. काढताना पकडीला कोरडं फडकं, पायात चप्पल. म्या चप्पल घातली, फडकं आनलं, पकड आनली, अन् घाईत हातच घातला.

करंट असा लागला की मपलं डोकं गाडीच्या टपाला जाऊन लागलं. बायको दारात उभी होती. तिनं फक्त इचारलं, "हा जिता हाय का?"

"कोन?"

"सिलेंडर."

होता. पहिला जिता होता, टोपी निघाली तशी गाडी बंद पडायला आलती. परत लावली. मंग फडक्यानं तिसरी काढली, तो बी जिता. मधली काढली तर गाडीला पत्ताच न्हाई. टक टक फुस होतं ते टक टक फुसच. मधला मेलेला. पन त्याच्यात तर कालच नवा प्लग घातला. गाडी बंद करून मधला प्लग पहिल्यात घातला, पहिल्याचा मधी. तरी मेला मधलाच. मंजे प्लग निर्दोष, त्याच्यापर्यंत करंटच जाऊन न्हाई राहिला.

परत चाचाला फोन. ह्या टायमाला स्पीकर बंद.

"अंधेरे में देख," चाचा मनले, "करंट बाहर कूदता क्या."

"चाचा, अभी तो ग्यारा बजे दिन के."

"तो चद्दर ओढ ले मियाँ. ये बी मैं लातूर से आके ओढाऊँ?"

बायको गिरनीवर दळन आनायला गेलती. म्या आतून जाड सोलापुरी चादर आनली, गाडी चालू केली, दार उघडं टाकून बाहेर उभा राहिलो अन् सीटखालच्या इंजिनावर वाकून डोक्यावरून चादर घेतली. आत गच्च अंधार, पेट्रोलचा वास, अन् गरमीनं घाम धारेला. तेवढ्यात बाहेरून मावशीचा आवाज आला. शेळी बांधायला आलती.

"वाफारा घेऊन राहिले का भाऊ?"

चादरीच्या आतून मी काय सांगू. म्या मनलं, "हाव."

"ओवा टाका त्याच्यात जरासा. सर्दी पळती."

"टाकतो."

ती गेली. तवर मपले डोळे अंधाराला सरावले, अन् मला दिसलं. मधल्या टोपीच्या बुडातून निळी ठिनगी निघायची अन् प्लगात जायचं सोडून बाजूच्या लोखंडावर उडायची. चट, चट, चट. चोर सापडला. पन त्याच्या संग एक वास बी आला, जळका, गोड. चिक्की करताना पाक लागतो तसा. गाडी बंद करून म्या टोपी वढून उजेडात धरली. आत काळं चिकट लागलेलं, अन् त्याला लागून मुंग्या. बऱ्याच तिथंच भाजून मेल्या होत्या. बाकीच्यांनी तरी येनं सोडलं नव्हतं.

आता खंडेनवमीचं, मंजे दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं, सांगावं लागतं. त्या दिवशी आमच्याकडं नांगर, कुऱ्हाड, खुरपी, गाडी, जे जे पोट भरतं त्याची पूजा करतात. गाडीला हार घालायचा, चाकापुढं नारळ फोडायचा. सगळी दुनिया चाकाचीच पूजा करती. ह्या वर्सी म्या इचार केला की चाक तर नुसतं फिरतं, खरा कमावता आत बसलाय अन् त्याला कोनी इचारत न्हाई. मनून म्या सीट उचलली. इंजिनाला हळद-कुंकू लावलं, नारळाचं पानी त्याच्या डोक्यावर वतलं, अन् गुळाचा एक चांगला खडा निवद मनून मधल्या प्लगाजवळ ठेवला. हात जोडले, सीट खाली केली, अन् विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी झेंडू भरून नांदेडला गेलो. इंजिन तापलं, गूळ वितळला, अन् पाक उतरायचा तिथं उतरला.

तिथं बसून म्या दिवस मोजले. खंडेनवमी आधी, टेस्ट नंतर. मंजे चढावर गाडी मागं आली ती हिच्या पायानं न्हाई, मपल्या भक्तीनं आली.

आता बगा मानूस कसा असतो. मला पहिलं सुचलं ते फडकं. बायको गिरनीवरून यायच्या आत म्या पेट्रोलनं सगळं पुसून काढलं. गूळ, कुंकू, मुंग्या, पुरावा. ती टोपी अन् वायर दुकानात नेली, तशीच नवी आनून लावली. चावी मारली तर इंजिन असं गोल फिरायला लागलं की ताकात रवी फिरावी. बायको डोक्यावर पीठ घेऊन आली अन् आवाज ऐकून दारातच थांबली.

"काय निघालं?"

"वायर. जुनी झालती."

खोटं काई बोललो न्हाई. फक्त खरं जरा कमी बोललो.

दुपारी आमी कालव्याकडं गेलो. कालव्याच्या भरावावर चांगला चढ हाय. ती चढावर थांबली, निघाली, इतभर मागं न्हाई. परत केलं, परत तसंच. तिचं तोंड उजळलं. मनली, "पायात सुधारना झाली बगा. पाटावरचा सराव कामाला आला."

अन् म्या मनलं, "हाव."

आयुष्यात लई खोटं बोललो, मेलेली मानसं सांगितली, पन ही दोन अक्षरं जड गेली. जेवताना भाकर नुसती कुस्करत बसलो. तिनं इचारलं, "काय झालं?" म्या मनलं, "वाफारा बाधला." ते तिला समजलं न्हाई.

मंगळवारी सकाळी आरटीओत गाड्यांची लाईन होती. आमच्या पुढं चार गाड्या. ती स्टेरिंगवर, मी बाजूला. मी समोर बगत होतो, पन कानाला काईतरी ऐकू यायला लागलं. टक टक. मला वाटलं इंजिनच. पन गाडी तर बंद होती. खाली बगितलं तर तिचा डावा पाय क्लचवर कापून राहिलता, अन् बोटातलं जोडवं लोखंडाला लागून वाजत होतं.

"कालव्यावर तर चांगलं जमलं," म्या मनलं.

"कालव्यावर मागं पानी होतं, साहेब नव्हते." ती पायाकडंच बगत होती. "मागल्या टायमाला ह्याच पायानं घात केला. परत करल हा. मला ठाव हाय."

पुढची एक गाडी सरकली. तीन राहिल्या.

मला कळालं की आता मी गप बसलो तर ही चढावर जाऊन मपल्या गुळापायी दुसऱ्यांदा मागं येनार. अन् गुरुवारनंतर सगळं बंद. मायला जाऊन सांगनार, पायात दम न्हाई.

"ऐक," म्या मनलं. "तुझा पाय न्हाई. तुझा पाय कवाच नव्हता."

"मंजे?"

सांगितलं. सगळं सांगितलं. सीट उचलली तिथून धरून मुंग्यापर्यंत. खिडकी उघडी होती अन् बाजूला दुचाकीच्या लाईनीत एक गुरुजी हेल्मेट काखेत घेऊन उभे होते, ते ऐकता ऐकता मपल्याकडं तोंड करूनच उभे राहिले. मला हळू बोलता येत न्हाई, रोज मार्केटात वरडायची सवय.

तिनं हात स्टेरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. मंग इचारलं, "गूळ किती होता?"

"असंल आदपाव."

"आदपाव." तिनं मान हलवली. "अन् मी चार दिवस गूळ हुडकत होती. मला वाटलं मावशीनं नेला." मंग पायाकडं बगितलं. "म्या पंधरा दिवस पाट दाबला. तांदूळ निवडता निवडता. तुमी बगत होता."

"तवा मला ठाव नव्हतं."

"काल होतं."

म्या पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचायला घेतली. गुरुजी बी आता दुसरीकडं बगायला लागले.

"उतरा खाली," ती मनली.

मी उतरलो. हसल असं मला वाटलं होतं, पन ती हसली न्हाई, चांगलीच तापली. मपल्या बायकोचं एक हाय, रागात तिचा हात-पाय सुरीवानी चालतो. रागात असताना तिनं केलेली भाकर सगळ्यात गोल असती. खिडकीतून खाली बगितलं तर पाय थांबला होता. पेडलवर असा बसला होता की जसं पेडलच्या जागी मपलं नरडं हाय.

मी तारेच्या कुंपनाबाहेर जाऊन उभा राहिलो. गुरुजी बी आले. तिनं गाडी उलटी घेतली, आठ काढला. मंग चढ. थांबली. मी तार धरली. ब्रेकचा लाल दिवा विझला, गाडी जागची हलली न्हाई, मंग इंजिनाचा आवाज जरा वर गेला अन् व्हॅन अशी निघाली की जसं कोनी वरून दोरीनं वढलं. इतभर न्हाई, बोटभर बी मागं न्हाई. गुरुजींनी मपल्या पाठीवर थाप मारली, मनले, "अभिनंदन. तुमचं न्हाई, त्यांचं."

साहेबानं कागदावर काईतरी लिहिलं. त्यांना ती मागल्या टायमाची आठवत होती. इचारलं, "बाई, चांगलं जमलं आज. मागं काय झालतं?"

मी तारेपाशीच होतो, सगळं ऐकू येत होतं. तिनं काचेतून एकदा मपल्याकडं बगितलं. मी मान खाली घातली. तिनं गुळाचं एकच वाक्य बोललं असतं तर आरटीओतली सगळी लाईन महिनाभर हसली असती.

"पाय कच्चा होता, साहेब," ती मनली.

घरी येताना तीच चालवत होती. मुगट गेलं. पुढच्या नव्या रस्त्यावर ती मनली, "साहेबापुढं झाकलं. मायपुढं झाकनार न्हाई. तिथं तुमीच सांगायचं, तुमच्या तोंडानं."

"बरं."

लायसनचं कार्ड पोस्टानं यायला काई दिवस लागले. आलं त्याच्या पहिल्या रविवारी आमी निघालो. तिनं साडीला पिन लावली, आरसा आपल्या उंचीला फिरवला. वीस वर्सं तो आरसा मपल्या टाळूकडं होता. उमरी गेली. मी रस्त्यात काय सांगायचं, कसं सांगायचं, कुठं थोडं कमी सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होतो. नरसीच्या अलीकडं कवातरी मपला डोळा लागला. गाडी मपली, अन् तिच्यात मी आजवर कवाच झोपलो नव्हतो.

जागा झालो तर गाडी देगलूरला ओट्यापुढं उभी होती, खिडकी खाली केलेली, गार वारा. बायकोनं उठवलं नव्हतं. सासूबाई तशा मराठीच बोलतात, पन जावयाला सीमेपलीकडल्या तेलुगूवानी अल्लुडू मनतात. त्या ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या, अन् मागं बसून बायको त्यांच्या केसाला तेल लावून राहिली होती. घाई कसलीच न्हाई, एकेक बट सुटी करून, बोटानं जिरवत.

"अल्लुडू उठले," सासूबाई मनल्या. "या, बसा. लेक सांगती की तुमाला काईतरी सांगायचंय."

"हाव," म्या मनलं, अन् चप्पल काढून खालच्या पायरीवर बसलो. "आधी तेल होऊ द्या. मोठं हाय."

"होऊ द्या मोठं," बायको मनली. "आज राहायचंय."